हात आत

"अब्बा, हात आत घ्या."

लुबना एवढंच म्हणाली, तेही मोबाइलमधून डोकं वर न काढता. बाजाराचा दिवस, शिरूरच्या एसटी स्टँडसमोर गाड्या तुंबलेल्या, पुढं उसाची ट्रॉली आडवी. मी नेहमीसारखा बसलो होतो. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खिडकीबाहेर, चार बोटं छताच्या पन्हळीला अडकवलेली. जीप हातात आली त्या दिवसापासून मी असाच बसतो. शिरूर-न्हावरा-केडगाव रस्त्यावर वडापच्या, म्हणजे सीटवारी माणसं भरून नेणाऱ्या गाड्या चालवणारे आम्ही सगळे असेच बसायचो. समोरून नुसता हात बघून कळायचं, अयुब येतोय की बन्सी येतोय. "का? पोलीस आहे का पुढं?" मी विचारलं. "पोलीस नाही. गाडी कलंडायला लागली की माणूस तोच हात टेकायला जातो, आणि मग गाडी त्या हातावर बसते. सम्राट सर म्हणतात, सवयच नको." स्टँडसमोर, उसाच्या ट्रॉलीमागं, जागच्या जागी उभी असलेली माझी गाडी कलंडणार होती म्हणे. मी हात आत घेतला. आता तो कुठं ठेवायचा ते कळेना. मांडीवर ठेवला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, ट्रॉली सरकली, मी गिअर टाकला, आणि छातीखाली, जिथं घास अडकतो तिथं काहीतरी अडकलं. घरी येईपर्यंत ते तिथंच होतं. ते काय आहे हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर लाज वाटली. मी जळत होतो. पोरीच्या मास्तरवर.

लोकांना हे सांगितलं तर लोक वेगळंच समजतील. चोवीस वर्षांची पोरगी, तेहतीस वर्षांचा मास्तर, बाप जळतोय म्हणजे काय ते दिसतंच आहे, असं म्हणतील. तसं काही नव्हतं. सम्राटचं घर भरलेलं होतं, प्राची नावाची बायको, एक रांगती मुलगी. तसं काही असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटायचं, कारण त्याच्यासाठी बापाला तोंड असतं, ओरडता येतं, दार आपटता येतं. याच्यासाठी काय करायचं? लुबना भूजल मोजणाऱ्या एका कंपनीत लागली होती. विहिरी, बोअर, नदीकाठ, ओघळी, जिथं रस्ता नाही तिथं जीप घालायची आणि पाण्याची पातळी घ्यायची. कंपनीचा नियम असा की आडरानात गाडी चालवायचं शिक्षण घेतल्याचा कागद आणल्याशिवाय चावी मिळणार नाही. मी हसलो होतो. अयुब मिस्त्रीच्या पोरीला गाडी चालवायचा कागद! अगं, घोडनदीच्या वाळूत माझ्या मांडीवर बसून तू पहिल्यांदा स्टिअरिंग धरलंस तेव्हा तुझे पाय पॅडलपासून वीतभर वर होते. क्लच मी दाबायचो, गिअर मी टाकायचो, आणि गावाला सांगायचो की पोरगी चालवते. दहावीला तिनं एकटीनं जीप न्हावऱ्यापर्यंत नेली. नगर रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजमध्ये ती इंजिनाच्या आवाजावरून खोड ओळखायची आणि बोट माझ्याकडं करायची, म्हणजे हे मी यांच्याकडून शिकले. ते बोट आता दुसरीकडं वळलं होतं.

कोर्स चार रविवारांचा. वडगाव रासाईच्या अलीकडं भीमेच्या काठाला ओघळींनी चिरलेलं गायरान आहे, तिथं. पहिल्या रविवारी ती घरी आली आणि जेवताना ताटाच्या कडेला दोन्ही हात धरून दाखवायला लागली. "अंगठे आत अडकवायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गरकन फिरतं आणि आरीत अडकलेला अंगठा मोडतं. अंगठे बाहेर." शहाबानो, माझी बायको, कौतुकानं बघत होती. माझा डावा अंगठा अठ्ठ्याण्णव साली असाच मोडला होता. तो आजही थंडीत ठणकतो. पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, मूठ आवळून धर एवढंच शिकवलं होतं. दुसऱ्या रविवारी नवीन ऐकलं. उतारावर आडवं जायचं नाही, सरळ चढायचं किंवा सरळ उतरायचं. चढ अर्ध्यात सुटला तर वळवायची नाही, रिव्हर्स टाकून आल्या वाटेनं सरळ खाली. छतावर ओझं नको, आत सुटं काही नको, पाण्याची बाटलीसुद्धा बांधलेली हवी. "पाना नाही ठेवायचा का सीटखाली?" मी विचारलं. "बांधून," ती म्हणाली, "सर म्हणतात, गाडी पलटी झाली की सुटा पाना माणसाच्या आधी डोक्यात बसतो." सर म्हणतात. सर म्हणतात. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्यावर, कुणी नाही असं बघून, मी एका उभ्या जीपमध्ये बसलो आणि अंगठे बाहेर ठेवून स्टिअरिंग धरून पाहिलं. बरं वाटत होतं धरायला. त्याचाही राग आला. सीटखालचा पाना मी मुद्दाम सुटाच ठेवला.

तिसऱ्या रविवारी शहाबानोनं खिम्याचे समोसे केले आणि डबा भरताना म्हणाली, "चार सरांना दे गं, लेकराबाळाचा माणूस आहे." मला ताटात दोन आले. मी मोजले, हे कबूल करतो. पन्नाशी उलटलेला, हजची स्वप्नं बघणारा माणूस मी, समोसे मोजत होतो. सम्राटमध्ये खोट शोधायची म्हणून मी चाकणपर्यंत चौकशी केली. तो तिथं एका कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होता, मुद्दाम खड्ड्यांतून, उतारावरून गाड्या चालवायचं काम. मला वाटलं काढून टाकलं असेल. तर म्हणे, सोडू नको म्हणून साहेब घरी आले होते. दारू नाही, तंबाखू नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी निघालो होतो, आणि सापडेना म्हणून कुसळावरच चिडलो होतो. माझ्या डोळ्यातल्या मुसळाचं नाव भिमाजी होतं. सम्राट हा भिमाजीचा मुलगा.

हे लुबनाला अर्धं माहीत होतं. भिमाजी पाच वर्षं माझ्या जीपवर होता. भाडं घेणारा, माणसं कोंबणारा, दार लागत नसेल तर बाहेरून लाथ मारून लावणारा. आम्ही एका डब्यात जेवायचो. आंबेडकर जयंतीला मी त्याच्या वस्तीत मिरवणुकीची गाडी चालवायचो, ईदला तो आमच्या घरी शिरखुर्मा प्यायचा आणि वर वाटी पालथी करून दाखवायचा. आमच्या धंद्यात एक रीत होती, आजही ट्रॅक्टरवाल्यांत आहे. वाट तिरकी असली आणि गाडी एका अंगाला झुकायला लागली की किन्नरनं, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरनं, वरच्या बाजूनं बाहेर निघायचं, पायरीवर उभं राहायचं, छताची पन्हळ धरायची आणि अंग मागं टाकायचं. याला भार देणं म्हणायचे. त्या पावसाळ्यानंतर नदीकाठचा रस्ता खचला होता आणि ओघळीच्या उतारावरून गाडी आडवी काढावी लागायची. कॅरिअरवर दुधाच्या भरल्या कॅनी. माणसं मी खाली उतरवली होती, तेवढी अक्कल होती. भिमाजी खालीच उभा होता. म्हणाला, "अयुब, माती वल्ली हाय. कॅनी उतरवू, मग काढू." मला उशीर होत होता. समोरच्या काठावर बन्सीची गाडी उभी होती आणि बन्सी हात पन्हळीला लावून बघत होता. मी म्हणालो, "बायकांसारखं करू नको. वर हो, भार दे." तो वर झाला. गाडी झुकली, मी चढाकडं वळवली, सगळे वळवायचे तशीच, आणि ती एखाद्या म्हशीनं बसावं तशी सावकाश डाव्या अंगावर बसली, आणि मग छतावर गेली. वरची बाजू खाली आली. त्याची बोटं पन्हळीवरच होती. मला खरचटलंसुद्धा नाही. कॅनींचं दूध उतारानं खाली चाललं होतं, आणि भिमाजी ओरडत नव्हता. त्या न ओरडण्याची मला आजही भीती वाटते. उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात हवालदार आला. मी कॉटच्या पायत्याशी उभा होतो. लुबना तेव्हा दीड वर्षाची होती, शहाबानो आजारी, आणि लायसन गेलं तर काय करायचं या एकाच विचारानं डोकं भरलेलं. माझ्या तोंडातून आलं, "मी नको नको म्हणत होतो साहेब. हाच आपणहून लटकला." भिमाजीचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तो झोपलाय. हवालदारानं विचारलं, "काय रे, खरं का?" भिमाजीनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "व्हय. मीच लटाकलो." एवढंच. पुढं त्याला बाजार समितीच्या फाटकावर काम मिळालं. अलीकडं मुलाकडं केडगावला असतो. तेवीस वर्षं आम्ही लग्नाकार्यात भेटलो, मयतीला भेटलो, चारचौघांत चहा प्यायलो. दोघंच असे कधी बसलो नाही. तशी वेळ आली की मला काम आठवायचं.

आणि आता त्याच्या मुलानं त्या हातातून शाळा उभी केली होती. तिसऱ्या रविवारी रात्रीच्या जेवणाला लुबनानं विचारलं, "सरांचे बाबा तुमच्याच गाडीवर होते ना?" मी हो म्हणालो. "सर आज सांगत होते. नाव नाही घेतलं तुमचं. म्हणाले, माझे बाबा हुशारी करायला बाहेर लटकले, ड्रायव्हर बिचारा नको नको म्हणत होता." बिचारा. मी भाकरीचा तुकडा मोडला. खरं सांगायची वेळ याहून सोपी कधी येणार नव्हती. ताटात मेथी होती, शहाबानो पाणी ओतत होती, पोरीचा चेहरा माझ्याकडं होता, बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं. ती म्हणाली, "तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ना अब्बा. तुम्ही सांगूनही त्यांनी ऐकलं नाही." मी "हं" म्हणालो. त्या "हं"ची गोडी सांगतो. पोरगी परत माझ्याकडं आली होती. चोरीच्या मालावर का होईना, पण आली होती. खरं कळलं तर ती कायमची त्याच्या बाजूला जाईल, हे मला भाकरी चावता चावता स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या रविवारी सम्राटची एक पद्धत होती. प्रत्येकानं घरचं माणूस आणायचं आणि शेजारी बसवायचं. परीक्षा तीच. सकाळी आठला गायरानावर सात गाड्या आणि सात घरची माणसं जमली. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, इंद्रजीत नावाच्या एका पोरानं आईला, ताईबाईंना आणलेलं, त्या नऊवारीवर हेल्मेट घालून हसत होत्या. सम्राट बापासारखाच बुटका, रुंद खांद्यांचा. मला बघून तो पुढं आला, वाकला, "मामा, आलात. लई बरं वाटलं." एवढ्या अदबीनं बोलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग सगळ्यांना म्हणाला, "गाडी उतारानं जेवढी पलटी होत न्हाई, तेवढी शेजारच्याच्या सल्ल्यानं होते. बाहेर मी शिकवतो ते ठीक हाय, पण घरचं माणूस वरडलं की हात आपोआप त्याचं ऐकतो. म्हणून आज घरच्यांची परीक्षा. एरवी आडवं जायचं न्हाई, पण कधी जावंच लागलं तर म्हणून आज मुद्दाम जायचं. पट्टा आवळायचा. हात छातीवर, पट्ट्याला धरून. आत. आणि तोंड बंद. गाडी झुकली की ड्रायव्हर ती उताराकडं वळवणार. तुम्हाला वाटंल ही मरायला निघाली. वाटू द्या. तीच वाट सुखाची." लोक हसले. ताईबाई म्हणाल्या, "आरं मी डोळंच मिटून घेते की." मीही हसलो. तोंड बंद, म्हणे. ज्या काठावर मी दहा वर्षं गाडी चालवली त्या काठावर.

मग त्यानं सगळ्यांना उतारावरून पायी नेलं. जी वाट पायानं चालला नाहीत तिच्यावर चाक घालायचं नाही, हा त्याचा नियम. हातात काठी, प्रत्येक दगडाला, प्रत्येक खड्ड्याला काठी लावून तो सांगत होता, हा बघा, हा डाव्या चाकाखाली येईल, हा सोडा. मी मागं चालत होतो. वरच्या बाजूला, वाळलेल्या पवन्या गवतात, मला एक खडक दिसला. टोपलीएवढा, पाठ वर काढलेला. वरचं चाक नेमकं तिथं येणार. मी सम्राटकडं पाहिलं. त्याची काठी त्या गवतावरून गेली, टेकली नाही. तो पुढं गेला. आणि मी, देवाशपथ, थांबलो आणि माझ्या पोटात जे गार गार वाटलं तो आनंद होता. राहिला ना! मोठा टेस्ट ड्रायव्हर! मला वाटलं, गचका बसेल, लुबना दचकेल, मग मी सावकाश म्हणेन, मला दिसला होता तो. खालच्या बाजूची माती उंदरांनी पोकळ केलीय हे मला दिसलं नव्हतं. तेवढं कुणाच्याच नजरेला आलं नाही.

आमची पाळी पाचवी. आधीच्या चार गाड्या खडकाच्या थोड्या खालून गेल्या, कारण चारही जण घाबरून ठरलेल्या वाटेच्या खाली राहिले होते. लुबना घाबरणारी नव्हती. तिनं लो गिअर टाकला आणि जिथून सांगितलं होतं अगदी तिथूनच गाडी घातली. सम्राट पुढं वरच्या अंगाला उभा राहून हातांनी खुणा करत होता. ती त्याच्या हातांकडं बघत होती. माझ्याकडं बघायचं काही कारण नव्हतं, तरी मला ते टोचलं. अंगठे बाहेर. मान सरळ. किती सुंदर चालवते माझी पोरगी, असं वाटलं, आणि लगेच वाटलं की माझी कुठं, त्याची. मी दोन्ही हातांनी पट्टा धरला होता. गाडी डावीकडं, माझ्याकडं झुकलेली, खिडकीतून खाली ओघळीची वाळू दिसत होती. मग उजवं चाक खडकावर चढलं.

गचका बसला नाही. नुसती उंची वाढली. त्याच वेळी माझ्या बाजूची माती फुस्स करून खाली गेली, आणि गाडी त्या ओळखीच्या, म्हशीच्या सावकाश चालीनं माझ्या अंगावर यायला लागली. लुबना माझ्या वर आली. समोर सम्राट दोन्ही हात उताराकडं फेकत होता, खाली, खाली, खाली. माझा डावा हात पट्टा सोडून खिडकीकडं निघाला होता, आणि माझं तोंड उघडलं. "वर घे! लुबना, वर घे!"

तिनं घेतली. एका क्षणात, समोरच्या त्या दोन हातांकडं बघत असतानाही, तिच्या मनगटांनी माझं ऐकलं. स्टिअरिंग चढाकडं फिरलं. आणि हे मला लिहायलाच हवं, नाहीतर बाकीच्याला काही अर्थ नाही. मला आनंद झाला. गाडी पलटी व्हायला निघाली होती, माझी एकुलती एक पोर पट्ट्यात लोंबकळत होती, आणि माझ्या आत कुणीतरी टाळी वाजवली, की बघ, ऐकलं! कुणाचं ऐकलं? माझं ऐकलं! तो आनंद पुरा व्हायच्या आत गाडी आणखी झुकली आणि मला माझा हात दिसला. बोटं पन्हळीवर होती. माझीच होती, पण तशीच चार, तशीच आवळलेली. पन्हळीवरून ती सोडवताना मला वाटलं की मी तेवीस वर्षं उशिरा ती सोडवतोय. हात छातीशी ओढून मी ओरडलो, "नको! माझं नको ऐकू. त्याचं ऐक! खाली घे!"

ती खाली घेऊ शकली. पुढचं चाक उताराकडं वळलं, गाडीनं नाक खाली केलं, दोन्ही बाजू जमिनीला लागल्या, आणि आम्ही खडखडत सरळ ओघळीत उतरून वाळूत थांबलो. तिनं इंजिन बंद केलं. धूळ काचेवर बसत होती. लुबनाचे हात स्टिअरिंगवरच होते आणि अंगठे अजून बाहेरच होते. ती पुढं बघत म्हणाली, "सर दाखवत होते. मला दिसत होतं. मी तुमचं का ऐकलं, अब्बा?" सम्राट उतारावरून घसरत, धावत आला. आधी तिचा पट्टा पाहिला, मग माझा, मग माझे दोन्ही हात, बोटांपर्यंत. मग लुबनाला विचारलं, "चढाकडं का वळवली? मामा काही बोलले का?" बाकीची माणसं काठावर येऊन उभी राहिली होती.

लुबना म्हणाली, "नाही सर. अब्बा काही बोलले नाहीत. माझीच चूक."

ते मी आधी ऐकलेलं होतं. आवाज वेगळा होता, पण तेच होतं, तितकंच बारीक, तितकंच सरळ. मीच लटाकलो. मी काही करावं आणि माझ्यावर जीव असलेल्या माणसानं ते अंगावर घ्यावं, हा माझा आयुष्यभराचा नफा. गप्प बसलो असतो तर पोरगी माझी राहिली असती, भिमाजी राहिला तशी. मी दार उघडलं आणि वाळूत उतरलो. "खोटं बोलते ती. मी ओरडलो, वर घे म्हणून. आणि तो वरचा खडक मला सकाळीच दिसला होता. तू चुकावंस म्हणून बोललो नाही. जिथं बोलायचं तिथं बोललो नाही, आणि नको तिथं बोललो." सम्राटचे डोळे भिमाजीच्या कॉटवरच्या डोळ्यांसारखे होते. म्हणून मी थांबलो नाही. "तुझ्या बापाच्या वेळी पण असंच. तो लटकला नव्हता. कॅनी उतरवू म्हणत होता. मी म्हणालो वर हो, भार दे. मी म्हणालो." काठावर ताईबाईंनी हेल्मेट काढून हातात घेतलं. लुबनाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

सम्राटनं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि माझ्यासमोर धरला. "त्यांना सांगा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, 'मामा' अशी हाकही नव्हती. फोनवर भिमाजी खाकरला. "कोण? सम्राट?" मी म्हणालो, "भिमाजी, मी अयुब." "आरं! पोरगी पास झाली का तुझी?" इथं काय झालं आणि सम्राटला मी काय कबूल केलं, ते सगळं सांगितलं. दोन वाक्यांत झालं. तेवीस वर्षांचं ओझं दोन वाक्यांत संपतं, हे आधी कुणी सांगायला हवं होतं. केडगावच्या स्टेशनातून जाणारी गाडी त्या फोनमधून ऐकू आली, अख्खी गेली. मग भिमाजी म्हणाला, "आता कशाला रं सांगितलंस?" मला वाटलं तो माझी समजूत घालतोय. पण त्याचा आवाज दुखावलेला होता. "हात गेला तो गेला. पन तुला एक गोष्ट दिली हुती मी. माझ्यापाशी दुसरं काय हुतं द्यायला? ती बी तू ठिवली न्हाईस."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. तेवीस वर्षं मी त्याला चुकवत आलो ते तो मला आरोपी समजत असेल म्हणून, आणि तो मला आपलं समजत होता. पोराच्या पुढ्यात स्वतःला येडा ठरवून घेत होता, दर वेळी. शेवटी तोच म्हणाला, "पोरीला लागलं का?" नाही म्हणालो. "शेवटाला कुनाचं ऐकलं तिनं?" "सम्राटचं." "मंग बरं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "सांजच्याला ये घरी. दोघंच बसू. पोरीला संगं आन. आन् गाडी तिला चालवू दे. तू चालवू नगं."

सम्राटनं फोन घेतला, खिशात टाकला आणि लुबनाला म्हणाला, "चल, परत वरून आण. खडकाच्या खालून." माझ्या जागेवर तो स्वतः बसला, पट्टा आवळला, हात छातीवर घेतले. मी वाळूत उभा राहून पाहिलं. गाडी झुकली, नाक उताराकडं वळलं, उतरली. तो एक शब्द बोलला नाही. मला जळायला हवं होतं आणि मी जळलोही, पण ते भुकेसारखं साधं होतं, घरी जाऊन जेवलं की जाईल असं. चौघांच्या नंतर पाचवा कागद तिला मिळाला. तिनं तो मला दाखवला नाही, डॅशबोर्डमध्ये ठेवला.

संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून केडगावकडं निघालो. ती चालवत होती, मी डावीकडं. उकडत होतं, माझ्या बाजूची काच खाली होती, उसाच्या रानातून वारा येत होता, आणि माझा हात आपण होऊन खिडकीच्या काठावर जाऊन बसला. मी वाट पाहिली. ती म्हणेल, अब्बा, हात आत घ्या. कुणाचंही नाव लावून म्हणू दे, सर म्हणतात म्हणू दे. ती समोर बघत राहिली. पारगाव गेलं, रेल्वेचं फाटक दिसायला लागलं. मग मी हात आत घेतला आणि काच वर केली.